पहिला रेझ कोणत्या पानांवर करायचा? (सहाजणांचं टेबल, १०० ब्लाइंड)

कोरीपाटी

पोकरमधला नो-लिमिट होल्डेम (हातात दोन पानं, टेबलवर पाच सामायिक), सहाजणांचं कॅश टेबल, सगळ्यांपुढे साधारण १०० बिग ब्लाइंड (पानं पाहण्याआधी दोघांना भरावे लागतात त्यातली मोठी रक्कम; पुढचे आकडे याच मापात). माझ्याआधीच्या सगळ्यांनी पानं टाकलीत, आता रेझ (रक्कम वाढवणं) की फोल्ड (पानं टाकून देणं), एवढ्यापुरताच प्रश्न. फ्लॉपनंतरचं (टेबलवरची पहिली तीन पानं उघडल्यावरचं) तूर्तास बाजूला ठेवू.

कोणत्या जागेवरून कोणती पानं खेळायची याचे तक्ते पाठ करता येतील. पण त्यामागचं कारण माहीत नसेल तर टेबलवर कुणी वेगळं वागायला लागल्यावर तक्ता कुठे वाकवायचा हे समजत नाही. अडलेले मुद्दे असे:

१) पहिल्या जागेवरून एक्का-पंजी सूटेड (दोन्ही पानं एकाच चिन्हाची, जसं दोन्ही बदाम) रेझ आणि एक्का-दश्शी ऑफसूट (वेगळ्या चिन्हांची) फोल्ड. दश्शी मोठी असून असं उलटं का?
२) दुर्रीपासून पंजीपर्यंतच्या जोड्या कुठून खेळायच्या?
३) रेझ बिग ब्लाइंडच्या दुप्पट, अडीचपट की तिप्पट? भारी पानं आली की जास्त टाकायचे का?
४) पुढे कुणी नुसता लिंप केला (न वाढवता बिग ब्लाइंडएवढेच टाकले) असेल तर हाच तक्ता चालतो का?

शेवटचीखुर्ची

तक्त्यात पानं दिसतात म्हणून प्रश्न पानांचा वाटतो. खरा प्रश्न असतो तुमच्या मागे किती जण बोलायचे राहिलेत हा.

आधी मोजणी पक्की करा, पुढे सगळीकडे लागेल. दोन पानांचे एकूण १३२६ कॉम्बो (वेगवेगळे संच) होतात. कोणत्याही एका जोडीचे ६, एका सूटेड हँडचे (हातातल्या दोन पानांचे) ४, एका ऑफसूट हँडचे १२. म्हणजे एक्का-बादशा एकूण १६ प्रकारे येतो, त्यातला सूटेड फक्त चारदा. तक्त्यावर सगळे चौकोन सारखे दिसतात, पण ऑफसूटचा एक चौकोन रंगवला की सूटेडच्या तीन चौकोनांइतकी पानं रेंजमध्ये (आपण खेळतो त्या सगळ्या हँडमध्ये) येतात. आपण फार पानं खेळतोय हे लक्षात न येण्याचं पहिलं कारण हेच.

आता मागच्या माणसांचं गणित. दश्शीपासून वरच्या जोड्या, एक्का-बादशा आणि एक्का-राणी: ३० + १६ + १६ = ६२ कॉम्बो, ४.७ टक्के. पहिल्या जागेवरून तुमच्या मागे पाच जण असतात. त्यांच्यापैकी निदान एकाकडे यातलं काही असण्याची शक्यता २१ टक्क्यांच्या आसपास. बटणावर (डीलरच्या जागेवर) मागे ब्लाइंड भरणारे दोघंच उरतात, तिथे हीच शक्यता ९ टक्के. शिवाय बटणावर असताना फ्लॉपनंतर प्रत्येक फेरीत तुम्ही शेवटी बोलता. पहिल्या जागेवरून रेझ केला आणि बटणावरच्याने कॉल केला (तेवढेच टाकले), तर तीनही फेऱ्या तुम्ही आंधळेपणाने आधी बोलणार.

त्यामुळे रेंज अशी उघडत जाते:

पहिली जागा: छक्कीपासून वरच्या सगळ्या जोड्या, सगळे सूटेड एक्के, बादशा-दश्शी सूटेड आणि वर, राणी-दश्शी सूटेड आणि वर, गुलाम-दश्शी सूटेड, दश्शी-नव्वी सूटेड. ऑफसूटमध्ये एक्का-गुलाम आणि वर, शिवाय बादशा-राणी. एकूण १७८ कॉम्बो, १३.४ टक्के.

दुसरी जागा (हायजॅक): वरच्यात पंजी आणि चौकीची जोडी, बादशा-नव्वी, राणी-नव्वी, गुलाम-नव्वी, नव्वी-अठ्ठी, अठ्ठी-सत्ती हे सूटेड, आणि एक्का-दश्शी, बादशा-गुलाम हे ऑफसूट घाला. २३४ कॉम्बो, १७.६ टक्के.

कटऑफ (बटणाच्या आधीची जागा): उरलेल्या जोड्या, बादशा-छक्कीपर्यंतचे सूटेड बादशे, राणी-अठ्ठी, गुलाम-अठ्ठी, दश्शी-अठ्ठी, सत्ती-छक्की, छक्की-पंजी सूटेड. ऑफसूटमध्ये एक्का-नव्वी, बादशा-दश्शी, राणी-गुलाम. ३१४ कॉम्बो, २३.७ टक्के.

बटण: सगळे एक्के, सगळे सूटेड बादशे आणि राण्या, गुलाम-पंजीपर्यंतचे सूटेड गुलाम, दश्शी-छक्की आणि नव्वी-छक्कीपर्यंतचे सूटेड. अठ्ठी-छक्की, सत्ती-पंजी, छक्की-चौकी, पंजी-चौकी सूटेड. ऑफसूटमध्ये बादशा-अठ्ठी, राणी-नव्वी, गुलाम-नव्वीपर्यंत आणि दश्शी-नव्वी. ५६६ कॉम्बो, म्हणजे जवळपास ४३ टक्के.

हे आकडे म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. कडेची दोन-चार हँड इकडे-तिकडे झाल्याने हिशोबात फारसा फरक पडत नाही. पहिल्या जागेवरून २५ टक्के खेळलात तर मात्र नक्की पडतो.

किकरगेला

बाकी मान्य, पण हायजॅकमधला बादशा-गुलाम ऑफसूट मी काढून टाकेन. तुमच्याच हिशोबाने ते १२ कॉम्बो आहेत. नव्याने शिकणाऱ्याचे सगळ्यात जास्त पैसे अशाच हँडवर जातात, आणि पहिल्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे.

तुमच्या रेझला कॉल किंवा थ्री-बेट (रेझवर पुन्हा रेझ) कोण करतं ते पाहा. एक्का-बादशा, एक्का-राणी, एक्का-गुलाम, बादशा-राणी, मोठ्या जोड्या. बादशा-गुलामाला बादशा लागला की समोर एक्का-बादशा किंवा बादशा-राणी, आणि गुलाम लागला की एक्का-गुलाम. एक पान सामायिक आणि किकर (जोडीसोबतचं दुसरं पान) लहान, अशी हँड साधारण चारातून एकदाच जिंकते. त्यातही त्रास असा की जोडी लागलेली असते, त्यामुळे फोल्डही होत नाही. पॉट (मधे जमलेले पैसे) लहान असेल तेव्हा जिंकता आणि मोठा झाला की हरता.

एक्का-दश्शी ऑफसूटचं पहिल्या जागेवर हेच होतं. एक्का लागला तर एक्का-बादशा, एक्का-राणी आणि एक्का-गुलाम, तिघंही तुमच्या पुढे.

एक्का-पंजी सूटेडलाही एक्का लागला तर किकर लहानच आहे, ते खरं. पण तो किकर लहान आहे हे तुम्हाला आधीच ठाऊक असतं, म्हणून तिथे पॉट फुगवला जात नाही. त्या हँडची कमाई दुसरीकडून येते. फ्लश (एकाच चिन्हाची पाच पानं) झाला तर त्या रंगातलं सगळ्यात मोठं पान तुमच्याकडे. दुर्री-तिर्री-चौकी आली तर स्ट्रेट (ओळीने पाच पानं). आणि हातात एक्का असला की समोरच्याकडे एक्क्यांची जोडी असण्याचे ६ कॉम्बो ३ वर येतात, एक्का-बादशाचे १६ वरून १२ वर. कुणी थ्री-बेट केल्यावर अधूनमधून ब्लफ म्हणून पुन्हा वाढवायला ही हँड म्हणूनच निवडतात.

जाता जाता: एक्का-छक्की सूटेडपेक्षा एक्का-पंजी सूटेडला पसंती मिळते ती याच स्ट्रेटमुळे. एक्का आणि छक्की एका स्ट्रेटमध्ये कधीच एकत्र बसत नाहीत.

कोरीपाटी

हे पटलं. म्हणजे सूटेड असणं एवढं मोलाचं असेल तर बादशा-दुर्री सूटेड, गुलाम-तिर्री सूटेड वगैरे कुठूनही चालतील का? आणि लहान जोड्यांचं राहिलं.

मोजूनमापून

नाही. सूटेड असण्याचं मोल लोक फार वाढवून धरतात. सूटेड पानं घेऊन फ्लॉपवर तयार फ्लश येण्याची शक्यता ०.८४ टक्के, म्हणजे शंभरातून एकदाही नाही. फ्लश ड्रॉ (फ्लशला एक पान कमी) येण्याची सुमारे ११ टक्के. सगळी पाच पानं उघडेपर्यंतचा हिशोब केला तर सूटेडमुळे जिंकण्याची शक्यता दोन-तीन टक्क्यांनीच वाढते. राण्यांच्या जोडीसमोर एक्का-बादशा ऑफसूट ४३ टक्क्यांच्या आसपास, सूटेड ४६. बस, एवढंच.

मग रेंजमध्ये सूटेड पानं एवढी का दिसतात? त्या दोन-तीन टक्क्यांवर दोन गोष्टी वाढतात म्हणून. एक, ड्रॉ असला की फ्लॉपनंतर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा बेट करता येतं, हात रिकामा राहत नाही. जोडी नसलेली कोणतीही दोन पानं घेतली तर फ्लॉपवर तीनातून दोनदा जोडीसुद्धा लागत नाही, तेव्हा हा आधार कामी येतो. दुसरी गोष्ट वरच कुणीतरी सांगितली: सूटेडचे कॉम्बो चारच असतात, रेंज फुगत नाही.

गुलाम-तिर्री सूटेडला फ्लश लागला तरी एक्का, बादशा, राणी हे तिन्ही फ्लश त्याच्या वर राहतात. स्ट्रेट जवळजवळ नाही. जोडी लागली तर किकर नाही. ही हँड बटणावरही टाकून द्यावी. बादशा-दुर्री सूटेड बटणावर चालते, पहिल्या जागेवर नाही.

लहान जोड्या. हातातल्या जोडीचा फ्लॉपवर सेट (तीन सारखी पानं) होण्याची शक्यता ११.८ टक्के, साडेआठातून एकदा. सेट झाला नाही तर तिर्रीच्या जोडीला बहुतेक फ्लॉपवर वरची पानंच दिसतात आणि पुढे खेळता येत नाही. त्यामुळे पहिल्या जागेवरून दुर्री ते पंजी सोडून द्या. कटऑफ आणि बटणावरून रेझ करा, कारण तिथे ब्लाइंड्सनी फोल्ड करून पॉट तसाच मिळण्याचा वाटा मोठा असतो.

थ्री-बेट आला तर हिशोब हा: सेटच्या आशेवर कॉल करायचा तर उरलेला स्टॅक (टेबलवर पुढे असलेले पैसे) कॉलच्या निदान १५ ते २० पट हवा. तुम्ही २.५ ब्लाइंडचा रेझ केला, समोरच्याने ८ केले, तुम्हाला ५.५ टाकायचे आहेत आणि मागे ९२ उरतात. साधारण १७ पट, कसंबसं जमतं. त्याने १० केले तर कॉल ७.५, उरतात ९०, म्हणजे १२ पट. तिथे फोल्ड. आणि १५-२० पट ही अट समोरचा सेटला पैसे देणारा असेल तरच. जो फ्लॉपवर लगेच पानं टाकतो त्याच्याविरुद्ध तेवढेही पुरत नाहीत.

शेवटचीखुर्ची

बादशा-गुलामवर किकरगेला यांचं म्हणणं नव्या खेळाडूसाठी मान्य. हायजॅक मग २२२ कॉम्बो, १६.७ टक्के. मागे घट्ट खेळणारे बसले असतील तर मी तो ठेवेन.

आता तिसरा प्रश्न, यात हिशोब स्वच्छ आहे. स्मॉल ब्लाइंडचा ०.५ आणि बिग ब्लाइंडचा १ मिळून पॉटमध्ये १.५ असतात. तुम्ही २.५ टाकता. पुढे काहीच कमावत नाही असं धरलं, तरी सगळ्यांनी किती वेळा फोल्ड केल्यावर बरोबरी होते?

२.५ भागिले (२.५ + १.५) = ६२.५ टक्के.
दुप्पट केलात तर २ भागिले ३.५ = ५७.१ टक्के.
तिप्पट केलात तर ३ भागिले ४.५ = ६६.७ टक्के.

दुप्पट स्वस्त दिसतो. पण बिग ब्लाइंडच्या बाजूने पाहा. दुप्पटला त्याला १ टाकून ४.५ चा पॉट दिसतो, २२ टक्के जिंकलं तरी पुरतं. मग तो जवळपास काहीही घेऊन येतो. अडीचपटीला १.५ टाकून ५.५, म्हणजे २७ टक्के. तिप्पटला २ टाकून ६.५, म्हणजे ३१ टक्के. ऑनलाइन टेबलवर २.२ ते २.५ बसतो. समोरासमोरच्या टेबलवर जिथे लोक सहज कॉल करतात तिथे ३, कधी ४ सुद्धा.

स्मॉल ब्लाइंडवरून, फक्त बिग ब्लाइंड उरलेला असताना, ३ करा. फ्लॉपनंतर तुम्हीच आधी बोलणार आहात, त्याला स्वस्तात आत येऊ देऊ नका. तुमचा अर्धा ब्लाइंड आधीच पॉटमध्ये पडला आहे, म्हणून ३ करायला २.५ च टाकावे लागतात आणि बरोबरी पुन्हा ६२.५ टक्क्यांवरच येते.

आणि पानांप्रमाणे आकडा बदलू नका. एक्क्यांच्या जोडीला ४ आणि सत्ती-छक्कीला २.२ असं चार वेळा दिसलं की समोरच्याला तुमची पानं उघडीच मिळतात. एका जागेवरून एकच आकडा. जागेप्रमाणे बदलला तर हरकत नाही.

किकरगेला

यात एक चूक हमखास होते. ६२.५ टक्के म्हणजे दोन्ही ब्लाइंड मिळून, प्रत्येकी नव्हे. दोघंही ७५ टक्के वेळा फोल्ड करत असतील तर एकत्र ०.७५ × ०.७५ = ५६ टक्केच होतात. त्यामुळे ‘दोघंही खूप फोल्ड करतात, काहीही रेझ करतो’ असं म्हणण्याआधी गुणाकार करा. दोघंही ८० टक्के असतील तर ६४, तेव्हा मात्र बटणावरून अगदी कचराही नफ्यात जातो.

कोरीपाटी

गुणाकार मी खरंच करत नव्हतो. चौथा प्रश्न राहिला, लिंप.

आणि एक जोड. गुण देऊन हँड मोजायचं एक सूत्र असतं, एक्क्याला १०, बादशाला ८ वगैरे. ते वापरण्यात अर्थ आहे का?

मोजूनमापून

ते बिल चेन यांचं सूत्र. सूटेडला २ गुण, मधल्या फटीला वजाबाकी, जोडीला दुप्पट. सवय लागायला ठीक आहे, पण जागा त्यात धरलेली नाही. बादशा-गुलाम ऑफसूट: ८ वजा १, म्हणजे ७. सत्ती-छक्की सूटेड: ३.५ अधिक सूटेडचे २ अधिक जोडून असल्याचा १ = ६.५, पूर्ण करून ७. दोन्हींना सारखे गुण, पण ती कुठे आणि कशासाठी खेळायची यात जमीन-अस्मानाचा फरक.

डेव्हिड स्क्लान्स्की यांच्या गटांचे जुने तक्ते अजून फिरतात, तेही तसेच उचलू नका. ते लिमिट होल्डेमसाठी आणि भरलेल्या टेबलसाठी केलेले आहेत. नऊ-दहाजणांच्या टेबलवर पहिल्या जागेवरून मागे आठ-नऊ माणसं असतात. नऊजणांच्या टेबलवर वरचं ४.७ टक्क्यांचं गणित आठ जणांसाठी केलंत तर ३२ टक्के येतात. सहाजणांच्या टेबलवर ती घट्ट रेंज वापरली तर ब्लाइंड भरण्यातच स्टॅक झिजतो.

स्क्लान्स्की यांची एक गोष्ट मात्र घ्या. दुसऱ्याच्या रेझला कॉल करायला, स्वतः पहिला रेझ करायला लागतात त्याहून चांगली पानं लागतात. रेझमध्ये सगळ्यांनी फोल्ड करण्याची शक्यता असते, कॉलमध्ये ती नसते. एक्का-दश्शी ऑफसूट कटऑफवरून रेझ, पण पहिल्या जागेवरच्या रेझसमोर फोल्ड, यात विसंगती काही नाही.

शेवटचीखुर्ची

लिंपसाठी वेगळी रेंज. पुढे एक जण लिंप करून बसला असेल तर ब्लाइंड चोरायचा (सगळ्यांनी फोल्ड करून ब्लाइंड तसेच मिळायचा) हेतू अर्धा संपला. तो बहुधा कॉल करणार. म्हणून फोल्डवर जगणारी हँड काढा: एक्का-दुर्री ऑफसूट, दश्शी-छक्की सूटेड, राणी-नव्वी ऑफसूट. आणि समोरच्या कमकुवत पानांना जी डॉमिनेट करतात (एक पान सामायिक, पण किकर मोठा) ती वर आणा: एक्का-गुलाम, एक्का-दश्शी, बादशा-राणी, अगदी बादशा-गुलामसुद्धा. लिंप करणारा बादशा-नव्वी आणि गुलाम-अठ्ठी घेऊन येतो, तेव्हा किकरचा फायदा आता तुमच्याकडे.

आकडा: ३ ब्लाइंड, अधिक प्रत्येक लिंपमागे १, आणि फ्लॉपनंतर तुम्ही आधी बोलणार असाल तर आणखी १. दोन लिंप आणि तुम्ही बटणावर, तर ५. हेच तुम्ही स्मॉल ब्लाइंडवर असाल तर ६.

आकडा कमी पडला की चार जण आत येतात, आणि मग एक्क्यांच्या जोडीचंही काय होतं ते पाहा. कोणत्याही पानांच्या एकासमोर ती ८५ टक्के जिंकते, दोघांसमोर ७३, तिघांसमोर ६४, चौघांसमोर ५६. पॉट मोठा असतो म्हणून ती तरीही फायद्यात राहते, पण बादशा-राणी ऑफसूटला तेवढं बळ नसतं.

तीन जण लिंप करून बसलेत, तुम्ही बटणावर आणि हातात चौकीची जोडी, तर मागोमाग लिंप करायला हरकत नाही. तेवढा एक अपवाद.

मोजूनमापून

टूर्नामेंट खेळणाऱ्यांसाठी दोन ओळी. बिग ब्लाइंड अँटी (बिग ब्लाइंडने सगळ्यांच्या वतीने भरलेला आणखी एक ब्लाइंड) असेल तर पॉटमध्ये आधीच २.५ असतात. २.२ चा रेझ केला तर बरोबरी २.२ भागिले ४.७, म्हणजे ४७ टक्क्यांवर येते. म्हणून रेंज सगळ्याच जागांवरून रुंदावते. पण स्टॅक १५-२० ब्लाइंड उरला की सत्ती-छक्की सूटेडसारख्या हँडना पुढे पैसे काढायला जागाच राहत नाही. तिथे ती टाका आणि एक्का-नव्वी, बादशा-दश्शी यांना वर आणा. कॅश टेबलवर रेक (खेळ चालवणाऱ्याचा पॉटमधला वाटा) जास्त कापत असतील तर उलट, कडेची हँड कमी करा. रेक साधारणपणे फ्लॉप पाहिलेल्या पॉटमधूनच कापतात, म्हणून तिथे कॉलपेक्षा रेझ किंवा फोल्ड बरा.

कोरीपाटी

तपासून घेतो. कटऑफवर बादशा-दश्शी ऑफसूट, बटणावरचा सारखा थ्री-बेट करतोय: फोल्ड. बटणावर एक्का-चौकी ऑफसूट, दोन्ही ब्लाइंड घट्ट: २.५. पहिल्या जागेवर बादशा-गुलाम सूटेड: रेझ. पुढे एक लिंप, मी कटऑफवर, एक्का-राणी ऑफसूट: ४.

किकरगेला

चारही बरोबर. पहिल्यात बादशा-दश्शीबरोबर एक्का-नव्वी ऑफसूटही काढा, पण सूटेड बादशे लगेच टाकू नका. बटणावरच्याने थ्री-बेट केला तर फोल्ड करून २.५ जातात, एवढंच नुकसान. शेवटच्यात बटणावरचा तोच थ्री-बेट करणारा असेल तर तो कॉल करून तुमच्या मागे बसायचीही भीती आहे. तिथे ४ ऐवजी ५ करा.